चारही बाण मागे

१

मोडलेली गाडी तपासायला गेलं की बाकीचे सर्व्हेअर आधी बॉनेटकडे जातात. ती आधी मागच्या सीटकडे जायची. आई झाल्यापासून लागलेली खोड.

त्या दिवशीही ती तशीच वाकली. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधलेली होती आणि तिला साधा ओरखडासुद्धा नव्हता. अपघाताच्या वेळी बाळ घरी होतं, आजोबांजवळ. हे तिनं पोलिसांच्या कागदात वाचलेलं होतं. तरी ती रिकामी खुर्ची डोळ्यांनी बघेपर्यंत तिचा जीव खालीवर होत राहिला. मग तिनं ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

गाडी चालवणारी तरुण बाई होती. ऑफिसातून घरी निघालेली. पावसात एका साध्या वळणावर गाडी घसरली, आडवी फिरली आणि रस्त्याकडेच्या झाडावर ड्रायव्हरच्या बाजूनं आदळली. ती जागीच गेली. कागदात कारण एका शब्दात उरकलं होतं: अतिवेग.

विमा कंपनीत तपासणी करणाऱ्या या सर्व्हेअरबाईचं नावच 'शंका' पडलं होतं. तोंडावर 'शंकाबाई' म्हणत, पाठीमागे नुसतं 'शंका'. तिला त्याचं वाईट वाटत नसे. पाळणाघरात सोडलेल्या मुलाला ताप तर आला नसेल ना, खेळण्याचा स्क्रू तर त्यानं गिळला नसेल ना, अशा शंका ती फुकट काढायचीच. इथं निदान पगार मिळत होता.

"शंकाबाई, ही फाइल आजच हातावेगळी करा हं," साहेब सकाळी म्हणाले होते. "पाऊस, वेग, झाड. यात शंका काढण्यासारखं काय आहे?"

होतं. गिअर तिसऱ्यात अडकून बसला होता. वळणाआधी तिसरा गिअर टाकणारी बाई गाडी उडवत चाललेली नसते. आणि टायर साधे नव्हते. गाडीबरोबर आलेले काढून त्यांच्या जागी रुंद, वरच्या दर्जाचे बसवले होते. त्यांच्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या खोल खाचा होत्या. असे टायर कोरड्या रस्त्यावर गाडीला छान धरून ठेवतात, पण त्यांची खरी कमाई ओल्या रस्त्यावर असते. 'व्ही'चं टोक आधी पाण्यात शिरतं, खाचा ते पाणी दोन्ही बाजूंना बाहेर फेकतात आणि रबराला खालचा रस्ता सापडतो. मग असे टायर असताना गाडी घसरली कशी?

ती चिखलात उकिडवी बसली. अशा टायरच्या बाजूला एक बाण कोरलेला असतो. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरायचं, ती दिशा. तिनं अंगठ्यानं चिखल पुसला.

बाण मागे फिरलेला होता.

ती दुसऱ्या चाकाकडे गेली. मग तिसऱ्या. चौथ्याचाही चिखल तिनं पुसला. गाडी पुढे जात होती, तेव्हा तिचे चारही टायर उलटे फिरत होते.

२

जुनं लोखंडी फाटक. ते करकरणार म्हणून तिनं दात आवळले, पण ते गुपचूप उघडलं.

"विम्याच्या का? या. फार वाट बघायला लावलीत." अपघातात गेलेल्या बाईचे वडील दारात उभे होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ताठ कण्याचे, नखांत कायमची काळी रेघ राहिलेले गृहस्थ. माल वाहतुकीच्या लॉऱ्यांच्या वर्कशॉपात जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर नातीला सांभाळायला लेकीकडे येऊन राहिले होते.

खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर बाळाचे कपडे वाळत होते. दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, जावई बसला होता. दाढी वाढलेली. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"छकुले," आप्पा बाबागाडीत वाकून म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, बाईंना खुर्ची द्या म्हणावं."

जावई उठला, खुर्ची रिकामी केली आणि तोही बाबागाडीकडेच बघत म्हणाला, "आजोबांना सांग, देतोय."

ज्या व्यक्तीवर हे निरोप पोचवायची जबाबदारी होती, तिला अजून दातही नव्हते, आणि ती पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

शंकाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य जावयाला दिसलं. "आमच्यात असंच आहे," तो म्हणाला. "आमच्या लग्नाला आप्पांचा विरोध होता. तेव्हा बोलणं बंद झालं. पुढे भांडण विरून गेलं, पण सवय काही सुटली नाही. सगळं हिच्यामार्फत. ती म्हणायची, मी बायकोही नाही आणि लेकही नाही, मी तुमचं टेलिफोन एक्स्चेंज आहे." तो हसला, आणि हसता हसताच त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"लिहून घ्या," आप्पा म्हणाले. "साधी गाडी. साधी माझी पोर. तिला रेसच्या गाडीचे टायर कुणी लावायला सांगितले होते? चांगले टायर होते की आधीचे! हे लावले आणि पोर गेली. टायरमुळे झालं, एवढं तुमच्या रिपोर्टात येऊ द्या. मग नात मी घेऊन जाणार, माझ्या गावाला. ज्याच्या हौसेपायी आई गेली, त्याच्या हाती लेकरू ठेवायचं नाही मला."

शंका जावयाकडे वळली. आता हा उसळणार, असं तिला वाटलं. आपल्या मुलाबद्दल कुणी असं बोललं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

"बरोबर आहे त्यांचं," जावई म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"टायर मीच बसवले. तुमचा रिपोर्ट तसा आला तर मी अडवणार नाही. तिच्याकडे बघितलं की मला..." त्यानं बाबागाडीकडे बोट केलं आणि वाक्य तिथंच सोडलं. मग तो बोलला, तो जणू स्वतःशीच. "बाळाला घेऊन जाते-येते, पावसात घसरायला नको, म्हणून बसवले हो. बसवले त्याच दिवशी पाऊस होता. आम्ही मुद्दाम मोठी चक्कर मारली, त्याच वळणावरून. ब्रेक लावला की गाडी जागच्या जागी. ती म्हणाली, गाडीला मांजराचे पंजे फुटले."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पाऊसच नव्हता. रस्ते कोरडे. मी कामासाठी परगावी गेलो. पाऊस पुन्हा आला तो..." तो थांबला.

"तेवढ्यानं आजोबांची काळजी मिटली नव्हती, सांग तुझ्या बाबांना," आप्पा बाळाला म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "टायर दारात आले तेव्हाच मी नाक मुरडलं होतं."

बाळ कुरकुरायला लागलं. शंकाचा हात आपोआप बाबागाडीकडे गेला. तिनं ती हळूहळू मागेपुढे केली. तिच्या घरची बाबागाडी अशी हलवली की आख्खी गल्ली जागी व्हायची. हिची चाकं लोण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. हात काढून घेताना तिच्या बोटाला काळपट काहीतरी लागलं. तिनं ते रुमालाला पुसलं.

पुसता पुसता तिच्या लक्षात आलं. गाडी तीच, टायर तेच, वळणही तेच. आधी पावसात त्यांनी रस्ता धरला होता, नंतर सोडला. म्हणजे मधल्या कोरड्या दिवसांत कुणीतरी त्या चाकांना हात लावला होता.

३

टायरवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो स्वतःच एका टायरवर बसून होता.

"त्या म्हाताऱ्यांनी पाठवलं ना तुम्हाला?" शंकानं ओळख सांगताच तो उभा राहिला. "मॅडम, ते इथं येऊन भर दुकानात ओरडून गेले. खुनी म्हणाले मला. लोकांनी ऐकलं. आता माणसं समोरच्या दुकानात जातात आणि तिथून माझ्याकडे बघतात."

"मी तपास करतेय. कुणी पाठवलं म्हणून नाही आले. टायर उलटे बसले होते."

त्याचा चेहरा उतरला. "किती?"

"चारही."

"चारही? मॅडम, माझ्या हातून एक चुकेल. माणूस आहे. चार कसे चुकतील? तेही नवरा-बायको शेजारी उभे असताना?"

"उभे होते?"

"उभे म्हणजे! त्या ताई बाळाला कडेवर घेऊन सगळं विचारत होत्या. हे रुंद का, हे कोरड्यात जास्त आवाज करतात का, पेट्रोल जास्त पितात का. मी सांगितलं, कोरड्यात तुम्हाला फार फरक कळायचा नाही, वळणावर गाडी जरा जास्त धरून चालेल एवढंच. पावसात कळेल. मग बाळ रडायला लागलं, त्या बाहेर गेल्या. साहेबांना मी चाकापाशी बसवलं आणि बाण दाखवला."

"दाखवला की सांगितला?"

"हात धरून बाणावर ठेवला, मॅडम. तशी पद्धतच आहे माझी. नुसतं सांगितलेलं लोक दुकानाच्या पायरीवरच विसरतात. म्हटलं, साहेब, पुढेमागे झिजले म्हणून चाकं बदलाल, तर पुढचं मागे टाका, पण त्याच बाजूला. डाव्या बाजूचं उजवीकडे नेलं की ते उलटं फिरणार. ते म्हणाले, ठीक आहे, घरी सांगतो."

"घरी कुणाला?"

"ते मी कशाला विचारू?"

घाबरलेला होता तो. पण घाबरणं म्हणजे गुन्हा नव्हे, हे शंकापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? ती स्वतः दारावरची बेल वाजली तरी घाबरायची.

ती पायरी उतरत असताना त्यानं मागून हाक मारली. "मॅडम, माझ्याकडून गेल्यावर ती गाडी गॅरेजात गेली होती. ब्रेकच्या कामाला. चाकं काढल्याशिवाय ब्रेकचं काम होत नाही."

४

गॅरेजला जाण्याआधी शंका पुन्हा मोडलेल्या गाडीपाशी गेली. माणसांना विचारायच्या आधी टायरांना विचारावं, म्हणून.

त्या गाडीचं इंजिन पुढची चाकं ओढायचं. अशा गाडीत पुढचे टायर जास्त झिजतात. ओढायचं, वळायचं, थांबायचं, सगळा भार त्यांच्यावर. तिनं खाचांमध्ये मोजपट्टी घातली. नवेच टायर, फार झिजलेले नव्हते. पण जे थोडं झिजलेले होते, ते मागे होते.

म्हणजे आताचे मागचे टायर आधी पुढे होते.

मग तिनं तळव्यानं रबर चाचपलं. टायर एका दिशेनं फिरत राहिला की खाचांच्या कडा एका बाजूनं किंचित घासतात. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं, एका दिशेनं मऊ, उलट दिशेनं खरखरीत. या कडा सांगत होत्या की टायर बहुतेक काळ बाणाच्या दिशेनंच धावलेत. टायरवाला खरं बोलत होता. उलटे झाले ते अलीकडे.

ती ओल्या दगडावर बसून विचार करू लागली. पुढचं चाक त्याच बाजूला मागे नेलं, तर बाण बिघडत नाही. पुढची दोन चाकं एकमेकांत बदलली, तर बाण उलटे होतील, पण जास्त झिजलेले टायर पुढेच राहतील. इथं जास्त झिजलेले मागे गेले होते आणि बाणही चारही उलटे होते. हे एकाच रीतीनं होतं. पुढचं डावं मागे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे, मागची दोन्ही तशीच तिरकी पुढे. कुणीतरी चारही चाकं काढून फुलीसारखी फिरवली होती. चुकून नव्हे. नीट, रीतसर, विचार करून.

रीतसर कुणी करतं ते जाणूनबुजून करतं. मग ती बाई मरावी असं कुणाला वाटत होतं?

उठताना तिनं चाकांच्या नटांवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. आटे ग्रीसमध्ये माखलेले होते.

ती गॅरेजात पोचली तेव्हा गॅरेजवाला दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा पडला होता. तिथूनच त्यानं उत्तर दिलं. "हो, ब्रेक केले ना. पुढचेच. मागच्याला हातसुद्धा नाही लावला."

"पुढची चाकं परत बसवताना अदलाबदल झाली असेल?"

तो सरपटत बाहेर आला. "ताई, रागावू नका, पण तुमच्या मुलाचे बूट तुम्ही कधी उलट्या पायात घालता का?"

"घालते," शंका म्हणाली. "सकाळच्या घाईत दोनदा घातलेत."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून गप्प झाला. तो चुकला असता तरी पुढची दोनच चाकं उलटी झाली असती, मागची नाही. तेवढ्यावर तो सुटत होता. ती जायला वळली आणि थांबली. "नटांना ग्रीस तुम्ही लावता का?"

"ग्रीस? छे! नट हवेच्या गननं आवळायचे, की झालं. एवढे लाड कोण करतं आता? ही जुन्या लॉरीवाल्यांची रीत. नट गंजू नये, पुढच्या वेळी सहज सुटावा म्हणून. आमचे उस्ताद लावायचे. ते तर हाताला लागेल त्याला लावायचे, दाराच्या बिजागरीलासुद्धा."

शंकानं पर्समधून रुमाल काढला. त्यावर बाबागाडीच्या चाकाचा काळा डाग होता. तिनं शेजारी आपलं बोट टेकवलं. दोन डाग एकाच रंगाचे, एकाच चिकट वासाचे होते.

५

त्या दुपारी आप्पांच्या फाटकासमोर गाडी लावून ती बराच वेळ आतच बसून राहिली.

साहेबांना फक्त फाइल मिटायला हवी होती. अतिवेग म्हणून सही केली असती तर कुणी विचारलं नसतं. पण मग ती बाई कायमची बेफिकीर ठरली असती. टायरांचा दोष लिहिला असता तर आप्पा बाळाला घेऊन गेले असते, आणि तो वेडीवाकडी बटणं लावणारा माणूस जन्मभर स्वतःला खुनी समजत राहिला असता. खरं लिहिलं तर? हे ओझं कुणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. कुणाच्या, ते तिच्या हातात आलं होतं, आणि तिला ते हातात नको होतं.

आप्पा अंगणात नातीला मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या पायाला माशी बसू नये म्हणून एका हातानं सारखे वारा घालत होते.

"झाला रिपोर्ट?"

"होतोय." शंका समोरच्या पायरीवर बसली. "आप्पा, तुम्ही गाडीची चाकं फिरवली होती का?"

"फिरवली ना." त्यात लपवण्यासारखं काही असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. काच पुसली का, असं विचारल्यासारखं त्यांनी उत्तर दिलं. "जावईबापू परगावी. मला दिवसभर काय काम? बघितलं तर पुढचे टायर जरा जास्त झिजायला लागलेले. नवे आहेत तोवर फिरवले की चारही सारखे चालतात. आम्ही लॉऱ्यांचे असेच फिरवायचो." त्यांनी मोकळ्या हातानं हवेत फुली काढली. "पोर चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, आप्पा, या वयात कशाला जॅक मारताय? म्हटलं, तुझ्यासाठी नाही गं, गाडीसाठी. मग तिथंच दाराशी बसून चहा पीत राहिली. बाळ झोपलं होतं. किती दिवसांनी अशी निवांत बसली होती पोर."

ते आठवून हसले. शंकानं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"का विचारलंत?"

"त्या टायरांवर बाण आहेत, आप्पा."

"कसला बाण?"

तिनं सांगितलं. 'व्ही'च्या खाचा, त्यांचं पाण्यात शिरणारं टोक, बाहेर फेकलं जाणारं पाणी. टायर उलटा फिरला की त्याच खाचा पाणी बाहेर टाकायच्याऐवजी मध्ये गोळा करतात, रबर पाण्यावर तरंगतं, आणि मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नुसते नावाला उरतात. ती बोलत होती आणि आप्पा मान डोलवत होते, एखाद्या यंत्राची नवी रचना समजून घेणाऱ्या मेकॅनिकसारखी. तिचं बोलणं संपायच्या आधीच ती मान थांबली.

त्यांचा हात पुन्हा हवेत उठला. डावं पुढचं, उजवं मागचं. फुलीची एक रेघ निघाली. दुसरी निघाली नाही.

"मी चालवून बघितली होती," ते म्हणाले. "बदलल्यावर. चौकापर्यंत गेलो, परत आलो. मस्त चालली. काहीच वाटलं नाही."

"कोरड्यात वाटलंच नसतं. कुणालाच नाही."

"लॉरीच्या टायरांना बाण नव्हते."

"नव्हते, आप्पा."

"मग घसरली ती..."

"उलट्या टायरांमुळेच घसरली, असं शपथेवर कुणी नाही सांगू शकणार," शंका घाईघाईनं म्हणाली. ते खरंही होतं. "पण सुलट असते तर..."

"सुलट असते तर मांजराचे पंजे होते," आप्पा म्हणाले.

मागे काहीतरी हललं. दारात जावई उभा होता, आणि तो आत्ता आलेला नव्हता.

६

आप्पांनी मांडीवरच्या नातीकडे पाहिलं. "छकुले, तुझ्या बाबांना सांग..." बाळानं त्यांची मिशी पकडली. त्यांनी ती सोडवली नाही.

त्यांनी मान वर केली आणि जावयाकडे बघून म्हणाले, "मी केलं. तुमचे टायर नव्हेत. मीच केलं."

जावई पायरीवर खाली बसला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी फिरवले ते?"

"नाही. बाणाचं. टायरवाल्यानं माझा हात धरून सांगितलं होतं. तुम्ही कधी ना कधी चाकं खोलणार, हेही मला माहीत होतं. तुम्ही या घरातलं काय खोललं नाहीत?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुम्हाला थेट सांगायला हवं होतं. तुम्ही टायर बघून नाक मुरडलंत, मला राग आला. मी हिला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग, ही चाकं आडवी फिरवायची नाहीत."

आप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. "मग?"

"ती बाळाला भरवत होती. म्हणाली, हो, सांगते."

शंकाला ते 'हो, सांगते' ऐकू आलं. एक हात बाळाच्या तोंडाशी, दुसऱ्यात वाटी, गॅसवर काहीतरी उतू जाण्याच्या बेतात. त्या वेळी कानावर पडलेलं वाक्य खाली सांडतं आणि पुसून टाकलं जातं. तिच्या स्वतःच्या घरात अशी किती सांडली असतील! तपास संपला होता. टायर चांगले होते, वेग बेताचा होता, टायरवाल्याची काही चूक नव्हती. एका माणसाला एक गोष्ट माहीत होती आणि दुसऱ्याला ती हवी होती. दोघं एकाच छपराखाली होते. निरोप मधल्यामध्ये राहिला.

"मला नाही बोलली काही," आप्पा हळूच म्हणाले. "समोर बसून चहा प्याली, पण..."

"विसरली असेल," जावई पटकन म्हणाला.

"विसरणारच. रात्र रात्र बाळ झोपू देत नव्हतं."

"त्यात ऑफिस."

"त्यात माझं पथ्यपाणी."

"तिचं काही चुकलं नाही, आप्पा."

"तिचं कसं चुकेल?" आप्पा जवळजवळ ओरडलेच. "माझ्या पोरीचं काही चुकलं नाही!"

दोघंही घाईघाईनं तिला पाठीशी घालत होते, आणि घालता घालता दोघांचेही आवाज फुटले. शंकानं दुसरीकडे पाहिलं. वाळत घातलेल्या एका चिमुकल्या झबल्याकडे बघत राहिली.

आप्पा शंकाकडे वळून म्हणाले, "माझं लिहा. मी फिरवले, असं लिहा. टायरवाल्याच्या दुकानात मी स्वतः जाईन. जिथं ओरडलो तिथंच उभा राहून सांगेन."

"घरातल्या माणसानं चाकं बदलली, दिशेची सूचना त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, असं लिहीन," शंका म्हणाली. "अतिवेग नव्हता, असंही लिहीन. ठळक."

"नात इथंच राहील." आप्पांनी बाळाला उचलून जावयाच्या हातात दिलं. हात रिकामे झाल्यावर ते कुठं ठेवावेत, हे त्यांना कळेना. "मी जातो गावी. तुमच्या डोळ्यांसमोर मी नको."

जावई जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. त्यानं बाळाला खांद्याशी धरलं. तेवढ्यात बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. भुकेचं रडणं. आईपणानं सरावलेल्या शंकाच्या कानांना ते लगेच कळलं. तिचे हात शिवशिवले. तिनं ते पर्सच्या पट्ट्याभोवती गुंडाळले, निघते म्हणाली आणि बाहेर पडली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

रस्त्यावर येऊन ती गाडीपाशी थांबली. किल्ली हातात, पण पाय निघेना. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, आणि आतलं रडणं टिपेला पोचलं होतं. भांड्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं.

"तिला द्या इकडे," आप्पांचा आवाज. "तुम्ही दूध बघा."

"झालंय गरम. घ्या बाटली."

"थेट तोंडात देऊ?"

"नाही, नाही, थांबा! आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा."

"ते कशाला? पोर तर दूध कोमट करूनच ठेवून जायची."

"पोळतं तिला. वरून बाटली गार लागते, आत दूध कढत असतं. हात करा पुढे. असा नाही, उलटा. हां."

क्षणभर नुसतं रडणं.

"पोळतंय की हो," आप्पा म्हणाले.

"मग थांबू या जरा."

बाळ रडत होतं. दोघं थांबले होते.